एमजीबी रोडस्टर: जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर हीच घ्या, पण आधी दाराखालचं सिल बघा

एमजी म्हटलं की हल्ली सगळ्यांना हेक्टरच आठवते. भाच्याला फोनवर म्हटलं माझ्याकडे एमजी आहे, तर पठ्ठ्याने विचारलं मामा सनरूफ आहे का, म्हटलं आहे ना, अख्खं छप्परच निघतं. तर ही ती चिनी कंपनीच्या मालकीची एमजी नव्हे. ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी, दोन सीटची, उघड्या छपराची. जवळपास अठरा वर्षं तीच गाडी थोडेफार फरक करून बनवत राहिले आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर काढल्या. त्यातल्या बऱ्याच तेव्हाच अमेरिकेत गेल्या.

मी इथे इंग्लंडमधे मिडलंड्सला राहतो आणि नोकरी लागल्यापासून जुन्या ब्रिटिश गाड्यांचा नाद आहे. आधी ट्रायम्फ स्पिटफायर होती, मग एमजी मिजेट, मग ही एमजीबी, म्हणजे आमची बी, आली आणि ती काही गेली नाही. मधे दोन वेळा विकायचा विचार झाला पण गिऱ्हाईक बघायला आलं की मीच किंमत वाढवून सांगायचो. बरेच मराठी लोक इथे आता सेटल झालेत, पोरं मोठी झालीत, हातात थोडे पैसे आहेत, आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की अशी एखादी घ्यावी म्हणतोय, कुठली घेऊ. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय.

या नादाचं मूळ सांगायचं तर साताऱ्यातलं आहे. आमच्या पेठेत एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. १९६१ पासून मद्रासला बनायची ती, म्हणजे ट्रायम्फ हेराल्डच, फक्त तिकडे भारतात नाव स्टँडर्ड, ९४८ सीसीचं इंजिन. तिचं बोनेट बाकीच्या गाड्यांसारखं वर उचललं जायचं नाही, दोन्ही बाजूच्या मडगार्डांसकट पूर्ण पुढे कलंडायचं आणि चाकं, स्टिअरिंगचे रॉड, इंजिन सगळं एकदम उघडं पडायचं. डॉक्टरांचा ड्रायव्हर चाकावर बसून प्लग साफ करायचा. आम्ही पोरं शाळेत जायचं सोडून ते बघत उभं राहायचो. पुढे इथे आल्यावर कळलं की स्पिटफायर म्हणजे त्याच हेराल्डची चासी आखूड करून वर दोन सीटची बॉडी ठेवलेली, दोन्हीचं डिझाईन एकाच इटालियन माणसाचं, मिकेलोत्तीचं, आणि बोनेटही तसंच पुढे कलंडणारं. मग पहिली गाडी दुसरी कुठली घेणार सांगा.

स्पिटफायर दिसायला बीपेक्षा देखणी आहे हे आजही म्हणेन. यू टर्न तर रिक्षाच्या रस्त्यातही बसतो, आठ मीटरच्या आत फिरते. पण मागचं सस्पेन्शन जुन्या मॉडेलांत स्विंग ॲक्सलचं, वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं आत दुमडायला बघतात, ते १९७० नंतर मार्क फोर मॉडेलला बरंच सुधारलं. पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्यात, म्हणजे ट्रनियनमधे, ग्रीस नाही, गिअर ऑइल भरावं लागतं, आणि आधीच्या कोणत्या तरी मालकाने ग्रीस भरलेलं असतं किंवा काहीच भरलेलं नसतं, मग एक दिवस चाक बाहेर कललेलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला. मिजेट म्हणाल तर मजा खूप पण माझ्या उंचीच्या माणसाला आत बसायचं म्हणजे योगासनं, आणि १९७४ नंतरच्या मिजेटला इंजिन ट्रायम्फचंच, स्पिटफायरचं १४९३ सीसी. म्हणजे एमजीवाले आणि ट्रायम्फवाले एकमेकांना नावं ठेवतात पण बोनेटखाली एकच.

आता बी. जाणकार लोक तिला जरा हलक्यात घेतात. अहो बी काय, सगळ्यांकडेच असते, बोअरिंग आहे वगैरे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सगळ्यांकडे असते म्हणूनच घ्या. ज्या गाडीच्या जगात दोनशेच शिल्लक आहेत तिचा एक दरवाज्याचा हँडल मोडला तर सहा महिने शोधत बसाल, बीचा हँडल परवा मागवला तर आज घरी. जुन्या गाडीचा नाद टिकतो तो गाडी चालू राहिली तर. गॅरेजमधे चादरीखाली झाकलेल्या गाडीचा नाद नाही राहत हो, त्याचं नुसतं टेन्शन राहतं, आणि बायकोला रोज एक मुद्दा मिळतो.

दुसरं म्हणजे इंजिन. १७९८ सीसी, चार सिलेंडर, दोन एसयू कार्बोरेटर, १९७४ पर्यंतच्या क्रोम बंपरवाल्यांत ९५ हॉर्सपॉवर. आपल्या लोकांना एक गोष्ट सांगितली की फार आवडते, हे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे एमजीच्या तेव्हाच्या मालक कंपनीच्या, बी सिरीजचं आणि आपल्या ॲम्बॅसेडरचं ते १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच बी सिरीजचं. म्हणजे सरकारी लाल दिव्याची गाडी आणि ही सुंदरी एकाच घराण्यातल्या. पुण्यात नाना पेठेत ज्याने ॲम्बॅसेडरचे टॅपेट लावलेत त्याला बीचं हेड उघडल्यावर काही नवीन दिसणार नाही. माझा एक मावसभाऊ, जन्मभर ॲम्बॅसेडरच्या टॅक्स्या सांभाळलेला, इथे आला होता तेव्हा त्याने बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि फीलर गेज मागितला. थंड इंजिनला १५ थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशाची फट ना, म्हणाला, म्हटलं बरोबर. माझ्याशी गप्पा मारत मारत आठही टॅपेट लावले, रॉकर कव्हर बसवलं, हात पुसले आणि म्हणाला दादा, एवढ्यासाठी विलायतेला आलास होय.

घ्यायचं झालं तर १९६४ च्या शेवटानंतरचं इंजिन बघा, त्याला पाच मेन बेअरिंग आहेत, आधीच्याला तीन होती. तीनवालं वाईट नाही, वर ओढायला उलट मोकळं वाटतं, पण पाचवालं जास्त दमाचं. आणि १९६७ च्या शेवटी मार्क टू आली त्यात पहिल्या गिअरला सिंक्रो आला, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकताना दाते खरडत नाहीत, आणि पॉझिटिव्ह अर्थ जाऊन निगेटिव्ह अर्थ आला, म्हणजे साधा रेडिओ किंवा फोनचा चार्जर लावताना डोकं खाजवावं लागत नाही.

चालवायला कशी? खरं सांगायचं तर फास्ट नाही. शून्य ते साठ मैलाला साधारण बारा सेकंद, सिग्नलला शेजारची हॅचबॅक चालवणारी आजी तुम्हाला मागे टाकेल. टॉप स्पीड शंभर मैलाच्या थोडी वर, पण त्या वेगाला कापडी छपराखाली बसून काय ऐकू येतं ते विचारू नका. तिची गंमत चाळीस ते साठ मैलांच्या मधे आहे, कॉट्सवोल्ड्समधले ते गावांमधले अरुंद वळणाचे रस्ते, दोन्ही बाजूला झाडांची कुंपणं, बूड रस्त्यापासून वीतभर वर, आणि गिअरचा दांडा इतका आखूड की नुसतं मनगट हलवायचं. स्टिअरिंग रॅक अँड पिनियन आहे आणि पॉवर बिवर काही नाही, रस्त्यावरचा खडा न खडा हाताला कळतो. पार्किंगला घाम निघतो पण चालताना सरळ आणि हलकं. मागे साधा ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे खड्ड्यात मागची बाजू उडते. बासष्ट साली हे चालून गेलं, ऐंशीतही तेच ठेवलं ही मात्र कंपनीची कंजूषी.

चालू करायचं तंत्र आधी नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी बॅटरी डाउन कराल. किल्ली फिरवली की लगेच स्टार्टर नाही मारायचा. मागून इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाची टकटकटकटक ऐकू येते, ती हळूहळू मंदावते, टक... टक... आणि थांबते, म्हणजे कार्बोरेटर भरले. मग चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटरला हात म्हणजे पाय लावायचा नाही, आणि मारायचा स्टार्टर. पकडली की चोक अर्धा आत, थंडीत मैलभर गेल्यावर पूर्ण आत. टकटक थांबतच नसेल तर कुठेतरी पेट्रोल सांडतंय, उतरा आणि वास घ्या. टकटक सुरूच झाली नाही तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, मागच्या चाकापाशी पंप असतो त्यावर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक तुम्ही करायची. हसू नका, हा अधिकृत उपाय आहे जवळपास.

ओव्हरड्राईव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, असलेलीच गाडी घ्या, यात तडजोड नको. चारच गिअर आहेत, मोटरवेला सत्तर मैलाला ओव्हरड्राईव्ह नसेल तर इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास ओरडत राहतं, असेल तर बत्तीसशेला शांत. एक खटका दाबायचा, क्लच बिच काही नाही. जुन्या गाड्यांत तो ऑप्शन होता त्यामुळे सगळ्यांत नसतो. टेस्ट ड्राईव्हला तिसऱ्यात आणि चौथ्यात दोन्हीकडे लावून बघा, शेवटच्या तीनेक वर्षांच्या गाड्यांत फक्त चौथ्याला लागतो.

आता मुख्य मुद्दा, आणि हा नीट वाचा. बी घेताना इंजिन बघू नका, पत्रा बघा. इंजिन दमलं तर दुसरं मिळतं, परवडतं, दोन माणसं शनिवार रविवारात बदलतात. पण या गाडीला वेगळी चासी नाही. आधीच्या एमजीएला होती, बीला बॉडी हीच चासी. आणि वर छप्पर नाही म्हणजे गाडीचा सगळा ताण कोणावर, तर दाराखालच्या त्या दोन आडव्या पोकळ पेट्यांवर, ज्याला सिल म्हणतात. त्यात तीन थर असतात, आतलं सिल, मधला उभा पत्रा आणि बाहेरचं सिल. इंग्लंडमधे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत साठतं, तिथून सिलमधे उतरतं आणि आतून खात खात बाहेर येतं. बाहेर फोड दिसला म्हणजे आत केव्हाच काम झालंय.

नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापून पूर्ण सिल तिन्ही थरांसकट बदलावं लागतं, तेही गाडीला आधार देऊन, दारं जागेवर ठेवून, नाहीतर गाडी मधे वाकते आणि मग दारं जन्मभर लागत नाहीत. हे खर्चिक आहे, म्हणून काही महाभाग काय करतात, सडलेल्या सिलवर नवीन पत्र्याचं कव्हर वेल्ड करतात, वरून फिलर, अंडरसील, झकास रंग. ओल आलेल्या भिंतीवर पीओपी मारल्यासारखं. एका डीलरकडे मी अशी गाडी बघितली, लाल, क्रोम चमकतंय, वायर व्हील, सीटला नवीन लेदर, बघताक्षणी पाकीट काढावं अशी. मी खिशातून फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं, रंगाला ओरखडा नको म्हणून टिश्यूत गुंडाळलं आणि सिलवर फिरवत नेलं. दाराच्या मधोमध चिकटलं, मागच्या चाकाकडे नेलं तर सरळ गळून पडलं. त्याखाली बोटभर फिलर. डीलर म्हणाला या वयाच्या गाडीला थोडंफार असतंच साहेब. किंमत मात्र काही नसल्यासारखी लावली होती. पुढच्या महिन्यात ती विकली गेलेली, कोणाच्या गळ्यात पडली देव जाणे.

बघायला जाल तेव्हा हे करा. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा, वर निमुळती होत असेल तर गाडी मधे बसलीय. मग जॅक पॉइंटला जॅक लावून मागचं चाक उचला आणि दार उघडून लावून बघा, अडकलं तर नमस्कार करून निघा. दाराच्या पत्र्यावर, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या बुडाशी, एक बारीक चीर जाते, ती बहुतेक सगळ्या बींना जाते, तिला घाबरू नका पण भाव करायला वापरा. सीटमागचं कार्पेट उचला, खाली फळी आहे, तिच्याखाली बॅटरीच्या पेट्या, जुन्या गाड्यांत सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, त्या पेट्यांतून रस्ता दिसतोय का बघा. तिथेच मागे पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकतात तो भाग स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. विकणारा टोचू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

क्रोम बंपर की रबर बंपर हा वाद इथे शिवाजी पार्क विरुद्ध दादर युनियनसारखा चालतो. झालं असं की अमेरिकेच्या सेफ्टीच्या नियमांसाठी १९७४ च्या सप्टेंबरपासून पुढे मागे काळे जाड रबरी बंपर आले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी दीडेक इंच वर उचलली. वर भर म्हणून सुरुवातीला वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा अँटी रोल बारही काढला, त्यामुळे १९७५ आणि ७६ च्या गाड्या वळणावर होडीसारख्या डुलतात. १९७६ च्या मध्यानंतर बार परत आला, मागेही लावला, आणि त्यानंतरच्या गाड्या चालवायला खरंच चांगल्या आहेत. क्रोमवाल्यांपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. लोक नाकं मुरडतात, मुरडू द्या. आत बसल्यावर बंपर दिसत नाही. पहिलीच घेणार असाल तर माझं मत १९७७ नंतरची रबर बंपर, ओव्हरड्राईव्हसकट, सिलच्या कामाचे फोटो असलेली. राहिलेले पैसे टायर आणि ब्रेकला ठेवा.

पोरं लहान असतील तर जीटी बघा, १९६५ ला आली, बंद छपराची, मागे उघडणारं दार. तिच्या छपराची रेषा पिनिनफारिनाने काढलेली, मला तर रोडस्टरपेक्षा जीटीच जास्त सुंदर वाटते. मागची सीट नावाला, दहा वर्षांखालचं एखादं पोर किंवा भाजीच्या दोन पिशव्या. पण पाऊस आत येत नाही आणि रोडस्टरपेक्षा स्वस्त. रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही एट बसवलेली जीटीही होती, अडीच हजारांच्या थोड्या वर बनल्या, तिचा भाव विचारून फक्त तोंड कोरडं पडेल.

पार्ट्सबद्दल तर बोलायलाच नको. अख्खी नवी बॉडी मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी जुने मूळ साचे वापरून १९८८ पासून बीचं पूर्ण नवीन शेल बनवते, ऑक्सफर्डशायरमधेच. पन्नास वर्षांपूर्वीच्या कुठल्या गाडीची तुम्हाला कोरी बॉडी मिळेल सांगा. अर्थात नुसत्या शेलच्या पैशात चांगली चालती गाडी येते, तो हिशोब ज्याचा त्याने करावा. क्लब दोन मोठे, एक १९३० पासूनचा एमजी कार क्लब, त्याचं ऑफिस ॲबिंग्डनला जुन्या कारखान्याच्या जागेला लागूनच आहे, आणि दुसरा १९७३ चा एमजी ओनर्स क्लब. कुठल्याही एकात नाव घाला, फोनवर माणूस भेटतो आणि तो म्हातारा असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. रविवारच्या पब मीटला जाऊन बसलात तर अर्धं ज्ञान फुकट. सुरुवातीला एकच सावळा चेहरा म्हणून जरा बिचकायला होतं, पण एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधे कुठलं तेल घालावं यावर मत असलं की तुम्ही त्यांचेच.

लुकासच्या वायरिंगवर इथे लोक जन्मभर विनोद करतात, लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. माझा अनुभव असा की दहातले आठ प्रॉब्लेम अर्थिंगचे. दिवा मंद झाला, इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट लुकलुकतो, काही बदलायला जाऊ नका, अर्थची वायर जिथे बॉडीला लागते तिथला गंज घासा. सुरुवातीच्या गाड्यांत दोनच फ्यूज आहेत अख्ख्या गाडीला, एक गेला की एकदम चार गोष्टी बंद, त्याने माणूस घाबरतो एवढंच.

खर्च. चाळीस वर्षं झालेल्या गाडीला इथे रोड टॅक्स शून्य, एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, सक्तीची नाही, लंडनच्या यूलेझचे, म्हणजे धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या आकाराचेही पैसे नाहीत, आणि सगळ्या बी आता त्यात बसतात. एमओटी सक्तीची नसली तरी दरवर्षी करून घ्या, परक्या माणसाने खालून एकदा गाडी बघितलेली बरी. लिटरला नऊ दहा किलोमीटर जाते. पेट्रोल मात्र महागातलं सुपर, ई५. साधं पेट्रोल २०२१ पासून ई१० झालं आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, तिकडे भारतात ई२० वरून काय भांडणं चाललीत ते वाचून मी गुमान सुपर भरतो. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का तेही विचारा, जुन्या सीटना जपणारं शिशाचं पेट्रोल बंद होऊन पाव शतक झालं. इंजिन ऑइल २०डब्ल्यू५०, आणि पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला दर तीन हजार मैलाला ग्रीस गन. ते कोणीही घरी करू शकतं, करायलाच पाहिजे.

तक्रारी. हीटर म्हणजे अफवा आहे. जुन्या गाड्यांचं छप्पर दोन प्रकारचं, एक नुसतं दुमडणारं, दुसरं पूर्ण सुटं करून डिकीत ठेवायचं. दुसरं असेल तर पाऊस सुरू झाल्यापासून छप्पर चढेपर्यंत तुम्ही भिजून मोकळे, आणि इंग्लंडमधे पाऊस विचारून येत नाही. वायर व्हील दिसायला लाखात एक पण प्रत्येक तार वेगळी पुसावी लागते, आणि हबचे दाते झिजले की गाडी सोडताना खट्ट आवाज येतो, त्यापेक्षा साधे पत्र्याचे रोस्टाइल व्हील बरे. आमच्या हिचं म्हणणं आहे की पेट्रोलचा वास साडीला लागतो, मंडळाच्या गणपतीला बीमधून यायला ती तयार नसते, मोदकांचे डबे मात्र बीतून आणि ती ट्रेनने असं झालंय. त्यात तथ्य आहे, नळ्या नवीन घातल्या तरी थोडा वास राहतोच.

इन्शुरन्स क्लासिक पॉलिसीचा घ्या, वर्षाला ठरावीक मैलांचा, नेहमीच्या गाडीपेक्षा खूप स्वस्त पडतो. पण त्यात ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे आधीच ठरवलेली गाडीची किंमत, लिहून घ्या, चारी बाजूंनी फोटो आणि सिलच्या कामाची बिलं जोडून, नाहीतर उद्या कोणी मागून ठोकली तर कंपनी जुन्या भंगाराचा भाव लावते. ही किंमत दर दोन तीन वर्षांनी वाढवून घ्यायची, ते आपलं आपण लक्षात ठेवायचं, कंपनी फोन करून आठवण करत नाही.